जुना पिकअप, जुना कॅम्पर आणि हौद्यातले चार बोल्ट

डेन्व्हरजवळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये आलेली गाडी होती 1990 ची फोर्ड एफ-150. फोर व्हील ड्राइव्ह, 4.9 लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, आठ फुटी हौदा. हौद्यात 1980 च्या दशकातला पॉप-अप कॅम्पर. तक्रारी तीन: हायवेवर बाजूचा वारा लागला की गाडी डुलते, मागे बसते आणि खडबडीत रस्त्यावर केबिनच्या टपावर काहीतरी आपटतं. यावर मालकाने उपाय ठरवूनच आणला होता, मागे एअरबॅग बसवून द्या. (ही एअरबॅग म्हणजे चेसिस आणि ॲक्सलच्या मध्ये बसणारी, पाट्यांना (लीफ स्प्रिंगना) टेकू देणारी हवेची पिशवी. अपघातात उघडते ती वेगळी.)

पॉप-अप कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात उतरवायची खोली. प्रवासात छत खाली दाबलेलं, मुक्कामाला वर उचललेलं, मधल्या भिंती जाड व्हिनाइल कापडाच्या. पुढचा भाग केबिनच्या टपावर येतो, तिथे झोपायचं. आत शेगडी, छोटा फ्रिज, पाण्याची टाकी. फोर व्हील कॅम्पर्ससारख्या कंपन्या 1970 च्या दशकापासून ॲल्युमिनियमच्या वेल्ड केलेल्या सांगाड्यावर असे हलके कॅम्पर बनवत आल्या आहेत आणि त्यातले बरेच अजून चालू आहेत. खोली टिकते, गाडी टिकते. बिघडतो तो दोघांमधला सांधा, कारण तो पहिल्यांदा दुसऱ्याच एखाद्या गाडीसाठी केलेला असतो.

एअरबॅगच्या आधी कॅम्पर उतरवायचं ठरलं. कॅम्परच्या चार कोपऱ्यांना जॅक असतात. ते उचलताना पुढचे दोन एक-दीड इंच, मग मागचे दोन, असं आलटून पालटून जावं लागतं. एकच कोपरा चढवत नेला तर सांगाडा पिळतो आणि दाराची चौकट तिरकी होते. जॅकवर उभ्या कॅम्परखाली कुणी शिरायचं नाही. हौद्याच्या वर दोनेक इंच उचलला, गाडी पुढे काढली आणि कॅम्पर लगेच खाली घेतला. उंच ठेवला की वारा त्याला ढकलतो.

गाडी पुढे गेल्यावर निम्मं उत्तर समोर होतं. हौद्यात प्लॅस्टिकचा तयार लायनर तसाच ठेवून त्यावर कॅम्पर बसवला होता. हा लायनर माल सरकवायला सोपं जावं म्हणून गुळगुळीत असतो, म्हणजे कॅम्परखाली जे नको तेच. त्यावर 3 इंच लांबीचे घासल्याचे पट्टे पडले होते, पुढे आणि मागे. कॅम्पर दर ब्रेकला पुढे, दर चढाला मागे सरकत होता. लायनर काढला तर खाली मुरलेलं पाणी आणि लायनरच्या कंपनाने रंग उडून गंजलेला पत्रा.

कॅम्पर धरून ठेवणारे चार आय-बोल्ट हौद्याच्या पत्र्यातून आरपार घातले होते. आय-बोल्ट दोन जातींचे मिळतात: तार वाकवून केलेले, ज्यांच्या कडीत फट असते, आणि घडीव, ज्यांची कडी अखंड असते. इथे वाकवलेले होते आणि त्यातल्या दोन कड्या उघडू लागल्या होत्या. खाली पत्र्याला आधार म्हणून साधे वॉशर. हौद्याचा पत्रा पातळ. वॉशरने ताण वाटला जात नाही. चारही भोकांभोवती पत्रा वर ओढला जाऊन फुगला होता, एका भोकाला चीर गेली होती.

मागच्या डाव्या बोल्टाचं शेपूट मात्र वेगळंच निघालं. या पिढीच्या एफ-150 ला बहुधा दोन पेट्रोल टाक्या असतात: एक मध्ये, चेसिसच्या डाव्या बाजूला, आणि दुसरी मागच्या ॲक्सलच्याही मागे, थेट हौद्याखाली. कॅम्परचे मागचे बोल्ट येतात ते नेमके त्याच पट्ट्यात. बसवणाऱ्याने लांब बोल्ट घातला होता, नटाखाली दीड इंच आटे मोकळे. कॅम्पर उसळला की पत्रा दबायचा आणि आट्यांचं टोक टाकीला टेकायचं. टाकीच्या माथ्यावर चकचकीत खड्डा पडला होता. गळती नव्हती, पण वास यायला फार दिवस लागले नसते. भोक पाडताना ड्रिल टाकीत कसं गेलं नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

म्हणून अशा गाडीच्या हौद्यात मागे भोक पाडायचं तर आधी टाकी उतरवतात. पेट्रोल शक्य तितकं संपवायचं, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी करायची, इंजिनच्या फ्युएल रेलवरच्या व्हॉल्व्हमधून दाब सोडायचा, टाकीखाली ट्रान्समिशन जॅक लावायचा आणि मगच पट्टे सोडायचे. अग्निशामक हाताशी. भोक वरूनच पाडायचं, ड्रिलला अडथळ्याची कॉलर लावून, म्हणजे पत्रा फुटताच टोक पुढे घुसत नाही. ब्रेकची आणि पेट्रोलची नळी कुठून जाते ते खडूने पत्र्यावर आखून घेतलं की हात थरथरत नाही.

जुनी भोकं वेल्डने बुजवली, गंज खरवडून प्रायमर लावला. नवे बोल्ट घडीव, अर्ध्या इंचाचे. पुढच्या दोघांखाली 4 बाय 4 इंचाच्या, पाव इंच जाड पोलादी पट्ट्या. मागे तेवढ्यावर भागलं नसतं, म्हणून पोलादी अँगल हौद्याच्या आडव्या पट्टीला बोल्टने जोडला आणि आय-बोल्ट त्यातून घेतले. आता ओढ पत्र्यावर नाही, आडव्या पट्टीवर आणि तिच्यातून चेसिसवर जाते. नायलॉन इन्सर्टचे नट, नटाबाहेर दोन-तीन आटे, उरलेलं कापून टोक गोल केलेलं. टाकी परत बसवून मधली मोकळी जागा चाचपून पाहिली.

टपावर आपटण्याचं कारण उंची. हा कॅम्पर ठेंगण्या केबिनच्या गाडीसाठी बनलेला असावा. इथे टप आणि कॅम्परचा तळ यांच्यात जेमतेम अर्धा इंच उरत होता. केबिन आणि हौदा चेसिसवर वेगवेगळे बसलेले असतात, खडकाळ वाटेवर चेसिस पिळली की दोन्ही वेगवेगळे हलतात. दोन इंचांहून कमी अंतर चालत नाही. तीन इंच असलेलं बरं. लाकडी चौकट करून उंची वाढवता येते, पण ती जड होते आणि पाणी पिते. आम्ही खाली 3/8 इंचाची रबर मॅट, तिच्यावर बांधकामात वापरतात तो 2 इंच जाडीचा एक्सपीएस (एक्सट्रुडेड पॉलिस्टायरिन) फोम आणि वर अर्धा इंच मरीन प्लायवूड घातलं. फोम दबेल ही भीती सगळ्यांनाच वाटते. हिशोब असा: कॅम्पर 980 पौंड, तळ साधारण 40 बाय 90 इंच, म्हणजे चौरस इंचाला पाऊण पौंडाच्याही आत. या फोमची ताकद चौरस इंचाला 25 पौंड. अंतर तीन इंचांवर आलं.

वजनाचा कागद खरं तर सगळ्यात आधी मांडायला हवा, पण जुन्या गाडीवाल्यांना तो शेवटी बघायची सवय असते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर या गाडीचं कमाल एकूण वजन 6,250 पौंड, म्हणजे सुमारे 2,835 किलो. दोन्ही टाक्या भरून, चालकासह गाडी काट्यावर 4,700. उरले 1,550. कॅम्पर 980. पाण्याची टाकी 20 गॅलनची, गॅलनला 8.34 पौंड म्हणजे 167. भरलेला 20 पौंडी गॅस सिलिंडर रिकाम्या टाकीच्या वजनासकट 37, बॅटरी 50, सामान 200, सोबतचा माणूस 150. बेरीज 1,584. चौतीस पौंड जास्त.

एअरबॅगने हा आकडा बदलत नाही. गाडीची मागची उंची परत मिळते, वाहण्याची क्षमता वाढत नाही. ॲक्सल, ब्रेक, बेअरिंग तेच राहतात. तरी बसवल्या, कारण पाटे चाळीशीकडे चालले होते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जात होते. फक्त डाव्या-उजव्या बॅगेला हवेच्या नळ्या वेगळ्या ठेवल्या. एकाच नळीने जोडल्या तर वळणावर दबलेल्या बॅगेतली हवा दुसरीत जाते आणि डुलणं उलट वाढतं.

डुलण्यातला मोठा वाटा टायरचा होता. गाडीला कारचे पी-मेट्रिक टायर होते, पी235/75आर15, कमाल भार 2,028 पौंड. तो टायर पिकअपला लावला की भार 1.1 ने भागायचा असतो: 1,844, जोडीचे 3,688. लादलेल्या गाडीचा मागचा ॲक्सल काट्यावर 3,480 दाखवत होता. कागदावर बसतं, पण मऊ भिंतीचा टायर त्या भाराखाली दोन्हीकडे लवतो. त्याच मापाचे एलटी (हलक्या ट्रकचे) टायर, लोड रेंज (भाराची श्रेणी) सी, 50 पीएसआय हवेला 1,985 पौंड पेलतात. चारही बदलले.

परत चढवण्याआधी कॅम्परचा गुरुत्वमध्य मोजला. चार जॅकखाली चार काटे: पुढच्या जोडीवर 580, मागच्या जोडीवर 400, दोन जोड्यांत 84 इंच. 400 गुणिले 84 भागिले 980, पुढच्या जॅकपासून 34 इंच. जॅक कॅम्परच्या पुढच्या भिंतीच्या 4 इंच मागे, म्हणजे भिंतीपासून 38. हौद्याच्या पुढच्या भिंतीला दीड इंचाचं लाकूड टेकवायचं होतं, कॅम्पर पत्र्याला भिडू नये म्हणून. त्या भिंतीपासून मागचा ॲक्सल 49 इंचांवर. मध्य ॲक्सलच्या नऊएक इंच पुढे आला. तो ॲक्सलच्या मागे गेला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पोकळ लागतं.

कॅम्पर आय-बोल्टना ओढून धरतात ते टर्नबकल (फिरवून आवळायचे दुवे) 3/8 इंचाचे, हुकऐवजी जबड्याचे. हुकवाल्याची कामाची मर्यादा 1,000 पौंड, जबड्याच्याची 1,200. शिवाय उसळीत हुक निसटतो, पिनवाला जबडा निसटत नाही. पुढची जोडी पुढे ओढेल अशा कोनात. हाताने घट्ट, वर अर्धा फेरा, मग लॉकनट. पाना लावून आवळत गेलं तर कॅम्परच्या तळाचं प्लायवूड उपटतं.

विजेचं काम थोडं होतं. इंजिनकडून कॅम्परच्या बॅटरीला 14 गेजची वायर टाकली होती. जाऊन-येऊन 40 फूट, 20 अँपिअर प्रवाहाला दोन व्होल्ट वाटेतच गायब. अल्टरनेटर 14.2 देतो, बॅटरीला पोचतात 12.2, ती कधीच भरत नाही. 6 गेजच्या जाड वायरने घट पाव-अर्ध्या व्होल्टवर येते. दोन्ही बॅटऱ्यांपाशी फ्यूज, मध्ये आयसोलेटर (इंजिन बंद असताना दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा). गॅसचा रेग्युलेटर आणि रबरी नळी वयामुळेच बदलली, दाब 11 इंच पाण्याच्या स्तंभावर लावला, प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी. आत गॅस अलार्म नव्हता, तो लावला. छत खाली घेताना दार किंवा खिडकी उघडी ठेवायची हेही सांगितलं. नाहीतर कोंडलेली हवा कापड बाहेर फुगवते आणि ते कडेत चिमटतं.

पन्नास मैलांनी टर्नबकल तपासायला गाडी परत आली. पुढचा डावा अर्धा फेरा सैल, बाकीचे जागेवर. राहिला प्रश्न चौतीस पौंडांचा. आमचं म्हणणं होतं, पाणी निम्मं भरा, 83 पौंड वाचतात. मालक युटाच्या वाळवंटात जाणार होता, पाण्यावर तडजोड करायला तयार नव्हता. त्याने मागची पेट्रोल टाकी अर्धी ठेवायचं ठरवलं: नऊ गॅलन कमी, गॅलनला सहा पौंड, चौपन्न पौंड, तेही ॲक्सलच्या मागचे. पेट्रोल वाटेत मिळतं, पाणी मिळेलच असं नाही. हिशोब त्याचा बरोबर होता, आम्ही तोच कागदावर लिहून दिला.