केळवणाचं टेबल आणि अडकलेली कल्हई

जुन्या भांड्यांनी टेबल मांडायचं मनात असेल, तर सगळ्यात आधी कल्हईचं, म्हणजे भांड्याला आतून कथलाचा लेप द्यायचं, काम हातावेगळं करा. फुलं, कापड, पणत्या नंतर. भाचीच्या केळवणाला मी माळ्यावरची आणि बाजारात मिळालेली भांडी एकत्र मांडली. टेबल देखणं झालं, सगळ्यांनी फोटो काढले. पण कल्हईच्या त्या दुकानाने मला जे झुलवलं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

भांडी जमवायला काही त्रास पडला नाही. आईच्या माळ्यावर पितळी ताटं होती, एक गडवा होता, लोणच्याच्या चिनीमातीच्या बरण्या होत्या. बाकीचं पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालं. तो बुधवारी आणि रविवारी भरतो, सकाळी गेलात तर निवडीला वाव असतो. मुंबईकर चोर बाजारात जाणार असतील, तर मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात. वाटी काशाची आहे का पितळेची, हे तळहातावर ठेवून टिचकी मारली की कळतं: काशाचा नाद रेंगाळतो, पितळेचा लगेच विरतो. काशाला कल्हई लागत नाही. पितळेला आणि तांब्याला लागते, आणि माझं घोडं तिथेच अडलं.

केळवणाच्या बेतात मठ्ठा होता, कोशिंबीर होती, चिंचगुळाची आमटी होती. हे सगळं आंबट, बिनकल्हईच्या पितळेत कळकतं, म्हणजे धातू उतरून बिघडतं. ताटं नुसती शोभेला मांडून वर स्टीलच्या थाळ्या ठेवायच्या, असंही एकीने सुचवलं. मला ते पटलंच नाही. ज्या ताटात जेवता येत नाही ते मांडायचं कशाला?

पेठेतल्या एका दुकानात सगळी भांडी नेऊन दिली. मालक म्हणाले, "ताई, बुधवारी या." बुधवारी गेले तर पोतं होतं तिथेच, गाठसुद्धा सुटलेली नव्हती. "पुरेशी भांडी जमल्याशिवाय भट्टी पेटवत नाही, कोळसा परवडत नाही." हे मला पटलं. कल्हई लावून घेणारी घरं आता उरलीत किती? पण मग भांडी घेतानाच तसं सांगायला काय हरकत होती? पुढच्या खेपेला कारागीर गावाला गेलेला. त्याच्या पुढच्या खेपेला कथील संपलेलं. फोन केला की "उद्या नक्की". इकडे बहीण रोज विचारायची, "काय गं, आली का भांडी?" एकदा मी सरळ म्हटलं, "काका, शनिवारी केळवण आहे, जमत नसेल तर आत्ता सांगा." तर म्हणाले, "आतून पॉलिश मारून देतो, कल्हईसारखंच चकाकेल." ते ऐकलं आणि पोतं उचलून बाहेर पडले. पॉलिशने पितळ चमकतं, पण आंबट घातलं की कळकतंच. ज्याला हे माहीत नाही तो बिचारा पाहुण्यांना त्याच ताटात कोशिंबीर वाढेल, याचं मला जास्त वाईट वाटलं.

सुटका केली ती आमच्या आचाऱ्यांनी. त्यांची मोठी पातेली आणि पिंपं एक फिरता कल्हईवाला करतो. त्याला निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी तो आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगणात हजर. पहिल्यांदा त्याने कथलाची पट्टी मला दाखवून कानाशी वाकवली. बारीक कुरकुर आवाज आला. शुद्ध कथील असं कुरकुरतं. शिसं मिसळलेली कल्हई जेवणाच्या भांड्याला नको, म्हणून हे विचारून घ्याच, त्यात भीड कसली? मग जमिनीत छोटा खड्डा, कोळसे, हाताने फिरवायचा पंखा. ताट सांडशीत धरून तापवलं, नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर भसकन वर आला. कथलाची पट्टी टेकवली तशी ती वितळली आणि कापसाचा बोळा फिरवल्याबरोबर पिवळं ताट आतून चंदेरी झालं. लगेच पाण्यात, चर्र. सोसायटीतली मुलं हलायला तयार नव्हती. दुपारच्या आत सगळी भांडी तयार, आणि जिवात जीव आला.

कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नका. कथील २३२ अंशांना वितळतं, लेप उतरतो. तारेची घासणीही आतून लावायची नाही. चिंच-मीठ फक्त बाहेरच्या बाजूला, आणि धुतल्यावर लगेच पुसायचं, नाहीतर पाण्याचे डाग पडतात.

मांडणीचं आता सांगते. ताटं लहान-मोठी, कुणाचे काठ उभे, कुणाचे पसरट. ते खपतं. वाट्या मात्र सगळ्या एका उंचीच्या निवडल्या, त्यामुळे पंगत एकसारखी दिसली. खाली आजीचं हिरवं इरकली लुगडं टेबलाच्या लांबीत घडी घालून अंथरलं, त्याच्या लाल काठाने सगळी विजोड भांडी एकत्र आणली. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, हे काही बदललं नाही. तुपाला देवघरातली जादाची पंचपात्री आणि पळी. शेवंती गडव्यात, देठ आखूड कापून, म्हणजे समोरच्याचा चेहरा दिसतो. बाजारातल्या निळ्या काठाच्या चिनीमातीच्या बशा पापड-कुरडयांना दिल्या, कारण त्यांच्या झिलईला बारीक तडे होते आणि तशा बशीत ओलं वाढू नये. ताटांच्या मागे ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली नावं आणि साल आहेत. आईच्या लग्नातल्या ताटावर १९६८ आहे, ते मुद्दाम भाचीला दिलं.

दिवाळीनंतर लग्नाचे मुहूर्त सुरू झाले की आचाऱ्यांचा माणूस मिळत नाही. पुतण्याचं केळवण पौषानंतर आहे, म्हणून त्या कल्हईवाल्याला मी आत्ताच, नवरात्रात सांगून ठेवलंय.