मागचं झाकण उघडून मगच घाट: टी-टू बसने ग्रोसग्लॉकनर

लहानपणी खंबाटकीच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसायच्या. रेडिएटरमधून भसाभसा वाफ यायची आणि शेजारी कुणीतरी पाण्याचा कॅन घेऊन उभं असायचं. वाफ दिसली की गाडी थांबवायची, हे न सांगता कळायचं. आमच्या १९७३ च्या फोक्सवॅगन टी-टू बसला रेडिएटरच नाही. १६०० सीसीचं इंजिन मागे बसवलेलं आहे आणि ते पंख्याच्या हवेवर थंड होतं. तापलं तरी वाफ दिसत नाही आणि तापमानाचा काटाही नाही. म्हणून ही बस घाटात न्यायची तर तपासणी आधीच करावी लागते.

म्युनिकहून बाड राइशेनहाल, लोफर, झाल्फेल्डन करत आम्ही त्सेल आम झेला मुक्कामाला पोचलो. रस्ता सोपा आणि सुंदर. पुढे ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनर घाटरस्ता: ४८ किलोमीटर, ३६ वळणं, १२ टक्क्यांपर्यंत चढ. तो १९३५ साली खुला झाला. हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो आणि रात्रीही बंद ठेवतात, तेव्हा वेळ बघून निघा. टोल भरावा लागतो.

सकाळी इंजिन थंड असताना मागचं झाकण उघडलं, तर पेट्रोलचा वास. अगदी पुसट. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला जोडलेल्या होजवरून, म्हणजे रबरी नळीवरून, बोट फिरवलं तर ते ओलसर लागलं. या होजवर कापडी विणकाम असतं, त्यामुळे आतल्या रबराच्या भेगा दिसत नाहीत. गाडी चालताना खाली तापलेलं इंजिन आणि हातभर अंतरावर ठिणगी पाडणारा डिस्ट्रिब्युटर. निघायच्या आधीच सगळे होज बदलले. तुम्हीही टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत एकही जुना होज ठेवू नका. इथल्या ई-टेन पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, म्हणून ते सहन करणारा, आर-नाइन छापलेला होज घ्या, आणि प्रत्येक टोकाला क्लिप लावा. टाकी उंचावर आहे, होज काढला की पेट्रोल आपोआप वाहू लागतं. आधी तो चिमट्याने दाबून धरा. बॅटरीची वायर त्याच्याही आधी काढा.

आणखी दोन जागा. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल जिथून शिरतं ती पितळी नळी नुसती दाबून बसवलेली असते. वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी ती सैल होते आणि होजसकट निसटते. हाताने हलवून बघा, हलली तर पक्की करून घेतल्याशिवाय निघू नका. आणि पेट्रोल फिल्टर. आधीच्या मालकाने तो डिस्ट्रिब्युटरच्या वरच लटकवला होता. मी तो गाडीखाली, टाकी आणि पंप यांच्या मधे हलवला.

इंजिनाभोवतीचे पत्रे आणि त्यांच्या कडेची रबरी पट्टी शोभेची नाही. वरची थंड हवा आणि खालची तापलेली हवा यांना ती वेगळं ठेवते. पट्टी फाटली की पंखा तीच गरम हवा पुन्हा आत ओढतो. आमची एका कोपऱ्यात निसटली होती, ती दाबून बसवली. या खणात कापडाचं फडकं कधीही विसरू नका, पंखा ते ओढून घेतो.

फॅन बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर साधारण १५ मिलिमीटर आत जायला हवा. सैल असेल तर पुलीच्या दोन भागांमधल्या चकत्या कमीजास्त करून तो ताणतात. पंखा डायनॅमोच्याच दांड्यावर असतो. म्हणून चार्जिंगचा लाल दिवा लागला तर ‘बॅटरीचं पुढे बघू’ म्हणू नका. बेल्ट तुटला असेल तर हवा बंद झालेली असते. तिथेच बाजूला थांबा.

फेर्लाइटनचा टोलनाका ओलांडला की खरा चढ. मी दुसऱ्या गिअरमध्येच राहिलो. तिसऱ्यात पाय दाबून रखडवलं तर इंजिनावर भार वाढतो आणि पंखा मात्र हळू फिरतो. मुळात इंजिन ५० अश्वशक्तीचं, आणि २५०४ मीटरवरच्या होखटोर खिंडीत हवा विरळ, म्हणजे जवळपास पाव ताकद गेलेलीच. मागे गाड्या साचल्या की थांब्यावर वाट देत होतो. दोन वेळा थांबलो, दोन्ही वेळा मिनिटभर इंजिन चालू ठेवून मग बंद केलं. फुशर ट्योर्लवरून दिसलेली बर्फाची शिखरं मुलं अजून आठवतात.

अग्निशामक चालकाच्या सीटजवळ हवा, मागे नाही. या इंजिनाचं आवरण मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं आणि ते पेटलं तर पाण्याने आग भडकते. झाकण सताड उघडू नका, फटीतून फवारा मारा. पण त्याआधी माणसं बाहेर, रस्त्यापासून लांब. आग इंजिनाने धरली असेल तर गाडी सोडून द्या.

उतारावरही दुसराच गिअर, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. घाटापलीकडच्या हायलिगेनब्लूट गावी रात्री इंजिनाखाली पुठ्ठा सरकवला. सकाळी इंजिन पूर्ण गार झाल्यावर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, बघितले, ०.१५ मिलिमीटर, चारही सिलिंडरचे बरोबर. पुठ्ठ्यावर ऑइलचे दोन थेंब होते. झाकण उघडलं, पेट्रोलचा वास नव्हता.