मापटंभर बाजरी आणि तिसरी ओवी

आमची शाळा जिल्हा परिषदेची, बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगराला लागून असलेल्या एका गावात. द्विशिक्षकी आहे, म्हणजे पहिली-दुसरी माझ्याकडं एकाच खोलीत आणि तिसरी-चौथी मुख्याध्यापक सरांकडं. आमच्याकडं दिवाळी झाली की ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या लागतात आणि गाव निम्मं रिकामं होतं, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात त्यामुळं जावंच लागतं, कुणी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर तर कुणी पार कर्नाटकात. लेकरं आधी सोबतच जायची आणि शाळा सुटायची, आता बरीचशी मागं राहतात, आजीजवळ. म्हणजे डिसेंबरमध्ये माझ्या वर्गाचे पालक कोण तर आज्या. पालकसभेला त्याच, आजारी पडलं तर घ्यायला त्याच, सहीच्या ऐवजी अंगठा पण त्यांचाच.

शासनानं २०२३ पासून शाळांत आजी-आजोबा दिवस करायचं ठरवलं, तो सप्टेंबरात असतो. आम्ही केला तेव्हा रीतसर झाला, खुर्च्या, गुलाबाचं फूल, भाषण, फोटो, ग्रुपवर टाकले, झालं. पण सप्टेंबरात आई-बाप घरीच असतात ना, आजीची खरी गरज असते ती हिवाळ्यात. म्हणून मी सरांना म्हटलं की उपक्रमांचा आनंददायी शनिवार असतोच आपला, डिसेंबरातला एक शनिवार आपण पुन्हा आज्यांना देऊ, आणि ह्यावेळी सत्कार नको, काम करू, जात्यावर दळू. सर लगेच हो म्हणाले, वर जातं आणायला त्यांनी स्वतः गाडी दिली.

जातं कुणाचं आणायचं ह्यावर गावात चर्चाच झाली. जाती आहेत बऱ्याच घरात पण कोपऱ्यात पडलेली, पिठाची गिरणी आल्यापासून डाळ भरडायची असली किंवा लग्नात हळद दळायची असली तरच बाहेर निघतात. शेवटी शाळेच्या भिंतीला भिंत लागून ज्यांचं घर आहे त्या आजींचं ठरलं. ह्या आजी इतकी वर्षं शाळेच्या शेजारी राहतात, त्यांचे मुलगे इथंच शिकले, आता नात माझ्या पहिलीत आहे, पण वर्गाच्या उंबऱ्याच्या आत त्या कधीच आल्या नव्हत्या. बोलवायला गेले तर म्हणाल्या, "मला काय येतंय बाई, मी अडाणी, पोरायला काय सांगू मी?" मी म्हटलं आजी सांगायचं काहीच नाही, तुम्ही दळायचं आणि पोरांना दळू द्यायचं. मग म्हणाल्या, "येकटीनं नाय वडत आता, जोडीला दुसरी पायजे." अशा करत चार आज्या तयार झाल्या.

शुक्रवारी शेवटच्या तासाला मी पोरांकडून प्रश्न काढून घेतले. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण पाहुणा आला आणि ऐनवेळी "विचारा रे प्रश्न" म्हटलं की सहा वर्षांचं लेकरू गप्पच बसतं किंवा पुढच्यानं विचारलं तेच विचारतं. आदल्या दिवशी मात्र फळा भरला. जातं कुणी बनवलं, त्याला लाईट लागते का, आज्जी तू लहान होती तवा शाळेत का नाही आली, दगडावर दगड घासून चुरा पिठात पडत नाही का, खालचा दगड का फिरत नाही. हा शेवटचा प्रश्न एका दुसरीतल्या पोराचा, तो दोन पाट्या एकावर एक ठेवून फिरवून बघत होता आणि त्याच्या दोन्ही पाट्या फिरत होत्या.

शनिवारी सकाळी आज्या आल्या. खुर्च्या मांडलेल्याच नव्हत्या, सतरंजीवर बसल्या, डोक्यावरचा पदर नीट करून. जातं मधोमध, खाली स्वच्छ धुतलेलं फडकं. सुरुवातीला पोरं आणि आज्या दोघंही अवघडलेले, घरात एकमेकांच्या अंगाखांद्यावर असणारी माणसं शाळेत परक्यासारखी बसलेली. मग शेजारच्या आजींनी वरची तळी उचलून बाजूला ठेवली आणि त्या पाटीवाल्या पोराला जवळ बोलवून खालच्या तळीतला खिळा दाखवला, म्हणाल्या "ह्यो हाय म्हणून वरची इकडं तिकडं पळत नाय, आन खालची जड हाय, जमिनीला बसलेली." मग दोन्ही दगडांवरून त्याचा हात फिरवून घेतला. दगड खरखरीत, बारीक बारीक खड्डे. टाकी लावलेली असते ना ती, म्हणजे छन्नीनं ठोकून पाडलेले. ते खड्डे झिजून गुळगुळीत झाले की दाणा फुटत नाही, नुसता घसरतो. हे त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की मला मध्ये बोलायची गरजच पडली नाही.

आता खरी मजा मापट्याची. बाजरी मोजून घ्यायची म्हणून एका आजीनं घरून जुनं पितळी मापटं आणलेलं. अर्धा शेर म्हणजे मापटं, चार शेराची पायली, त्याच्या निम्मी अधोली, हे त्यांनी बोटांवर सांगितलं आणि पोरांनी वाळू घेऊन अंगणात भरून बघितलं. मग एक मापटं बाजरी काठोकाठ मोजली, वरून हात फिरवून सपाट केली. दळायला दोन आज्या समोरासमोर, एकाच खुंट्याला दोघींचे हात, आणि मध्ये एकेक पोरगं घेऊन. प्रत्येकाची पाळी आली, प्रत्येकाची म्हणजे प्रत्येकाची, कुणालाही नुसतं बघत बसू दिलं नाही आज्यांनी. एका पोरानं घाईनं ओंजळभर बाजरी तोंडात ओतली तर जातं जड झालं आणि खाली भरडा पडायला लागला, आजी म्हणाली "लई खाऊ घातलं तर त्याला बी चावत नाय, मुठीनं वैरण घाल." पुढच्या पोरानं मूठ घातली, पीठ बारीक आलं. कमी-जास्त हा शब्द पुस्तकात चित्र बघून शिकवायचा आणि असा शिकवायचा ह्यात किती फरक आहे ते त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं.

भरडा पुन्हा एकदा घातला, सगळं बारीक झालं. मग मी म्हटलं आता पीठ मोजा. त्याच मापट्यात भरायला लागले, मापटं भरलं आणि फडक्यावर पीठ उरलंच! पोरं आधी माझ्याकडं बघायला लागली मग आजीकडं. एकजण म्हणाला आज्जीनं पदरात पीठ आणलं होतं. एक पोरगी म्हणाली जात्यात आधीचं असंल. आजी हसत होत्या, त्यांना माहीतच होतं, आयुष्यभर बघितलंय त्यांनी. मी उत्तर दिलं नाही. शाळेच्या साहित्यपेटीतला तराजू काढला, एका पारड्यात तेवढीच दुसरी मापटंभर बाजरी, दुसऱ्यात सगळं पीठ. जवळजवळ बरोबर, पीठ जरासंच हलकं, आणि का हलकं ते पोरांच्या चड्ड्यांवर आणि नाकावर दिसतच होतं. म्हणजे वजन तेवढंच पण जागा जास्त. मग एकानं मापटं जमिनीवर आपटलं आणि पीठ खाली बसलं, वर थोडं आणखी मावलं. मग सगळ्यांनाच आपटायचं होतं. पिठात हवा असती म्हणून ते फुगतं, हे वाक्य शेवटी पाटीवाल्या पोरानंच म्हटलं, आणि मी त्यात फक्त मान हलवली. ह्या वयाच्या पोरांना मापटं बदललं नाही तरी माप बदलतं आणि तराजू मात्र सारखाच राहतो हे कळणं सोपं नसतं, त्या दिवशी सगळ्यांना कळलं असं म्हणणार नाही, पण प्रश्न सगळ्यांच्या डोक्यात शिरला.

दळताना ओव्या सुरू झाल्याच होत्या. आज्यांना सांगावं लागलं नाही, खुंटा हातात आला की गळा आपोआप सुटतो त्यांचा. एकीनं विठ्ठलाची म्हटली, एकीनं भावाची, आणि एका आजीनं बाबासाहेबांची, सहा डिसेंबर नुकताच होऊन गेलेला. आमच्याच जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी गायलेल्या भीमरावांवरच्या ओव्या अभ्यासकांनी रेकॉर्ड करून ठेवल्या आहेत, हेमा रायरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या, हे मी आज्यांना सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना. "आमच्या गाण्याला कोन लिवून ठेवतंय?" म्हणाल्या.

मला ह्यात वर्गाचं काम दिसत होतं. ओवी बहुतेक दोन ओळींची, शेवटी जुळणारी, आणि मोजून म्हणतात, पहिली माझी ओवी, दुसरी माझी ओवी, असं पुढं. माझ्या पोरांना तीन येतं पण तिसरा-तिसरी म्हटलं की गोंधळ, त्यात पहिली-दुसरी-तिसरी म्हणजे त्यांना शाळेतले वर्गच वाटतात. आणि दुसऱ्या बाजूनं यमक, शेवटचा आवाज ऐकू येणं, हे तर वाचनाच्या आधीचं पाऊल आहे. मी म्हटलं चला आता तुमची ओवी. आजी म्हणाल्या, "जे आवडतं त्याला वाहायची. देवाला, भावाला, गाईला, कायबी चालतंय."

शेजारच्या आजींची नात पहिली उठली. आजीच्या मांडीला टेकून म्हणाली,

पहिली माझी ओवी, आमच्या शेळीला
पाला घालते मी, सांजच्या वेळीला

शेळीला-वेळीला कसं बरोबर जुळलं बघा, आणि हे जुळवायला आजीनं फक्त "कवा घालती पाला?" एवढंच विचारलं होतं. मग एक पोरगा,

दुसरी माझी ओवी, बोरीच्या काट्याला
बोरं खायला गेलो, काटा आला वाट्याला

सगळे हसले, पाय पण वर करून दाखवला त्यानं. मग तिसरी कुणाची म्हणून मी बघतेय तर दुसरीतली एक पोरगी, हुशार आहे, बोलकी आहे, नेहमी पुढं असते, ती म्हणाली,

तिसरी माझी ओवी, उसाच्या मोळीला
माय येईल माझी, आता होळीला

आज्यांनी जातं थांबवलं. पोरगी रडत वगैरे नव्हती, तिला उलट यमक जमल्याचा आनंद झाला होता, "मोळीला होळीला, बघा मॅडम" म्हणत होती. डोळ्याला पदर लावला तो आज्यांनी. एकीची सून, एकीची लेक, सगळ्यांच्याच फडात, म्हणजे ऊसतोडीच्या रानात. त्यानंतर मात्र वर्गात सगळ्यांना उसाचीच ओवी करायची होती. बाच्या कोयत्याची, कोपीतल्या म्हणजे तळावरच्या झोपडीतल्या चुलीची, बैलगाडीची, ट्रॅक्टरची. एरवी घरचं विचारलं की "आई-बाबा गावाला गेलेत" एवढ्यावर थांबणारी लेकरं फडात पहाटे किती वाजता उठतात, मोळी कशी बांधतात, वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे कुठं विकतात, सगळं सांगत होती. मी ते रडगाणं होऊ दिलं नाही आणि दाबूनही टाकलं नाही. जे जे म्हणाले ते फळ्यावर लिहिलं, पोरांनी आपापली ओवी वहीत उतरवली, पहिलीतल्यांनी चित्र काढलं. माझं मत स्पष्ट आहे, ह्या लेकरांच्या आयुष्यातला सहा महिन्यांचा विषय शाळेच्या बाहेर ठेवून त्यांना भाषा शिकवता येणार नाही.

सरांनी तिन्ही ओव्या फोनवर रेकॉर्ड केल्या आणि वर्गाच्या पालक ग्रुपवर टाकल्या. दिवसभर कुणी ऐकलं नाही, फडात फोन बघायला वेळ कुठं असतो, काहींच्या तळावर नेटवर्क पण नसतं. रात्री उशिरा व्हॉइस मेसेज आला. मागं ट्रॅक्टरचा आवाज, कुणाचं तरी बाळ रडतंय, आणि एक बाई म्हणतेय,

चौथी माझी ओवी, माझ्या लेकराला
शाळेत बसलं ते, शिकतं अक्षराला

तिसरी म्हटलेल्या पोरीची आई. तिच्यामागं अजून एकीनं पाचवी टाकली, मग सहावी. रविवारी दिवसभर आज्या दारात फोन घेऊन येत होत्या, "बाई लावून द्या पुन्हा."

सोमवारी वर्गात सगळ्या ओव्या पोरांना ऐकवल्या. पोरीनं आईचा आवाज ओळखला ते सांगायलाच नको, पण तिनं लगेच जे पकडलं ते मला लई आवडलं, म्हणाली "मॅडम, मी तिसरी म्हणले म्हणून मायनं चौथी म्हणली." मग आम्ही सातवीपासून पुढं गेलो, दहावीपर्यंत पोरांनी स्वतः केल्या, आणि दोन दिवसांनी केंद्रप्रमुख आले तेव्हा त्यांच्यासमोर रांगेत उभं राहून कोण कितवा ते न अडखळता सांगितलं. त्यांनी उपक्रमाचा अहवाल मागितला, मी पोरांच्या वह्याच दिल्या.

फळ्यावरच्या शुक्रवारच्या प्रश्नांपैकी दोनच राहिलेत. आज्जी शाळेत का नाही आली ह्याचं उत्तर शेजारच्या आजींनी "नंतर सांगीन" म्हणून ठेवलंय, आणि त्या खरंच सांगणार आहेत, कारण आता त्या रोज दुपारी खिचडीच्या वेळी येऊन बसतात. दुसरा, जातं कुणी बनवलं. टाकी लावणारे एक बाबा शेजारच्या तालुक्यात अजून काम करतात असं कळलं, सरांनी त्यांना फोन केला, जानेवारीत येतो म्हणाले, हातोडी-छन्नी घेऊन. ठिणग्या उडतील म्हणून पोरांना किती लांब बसवायचं ते आधी विचारून घेतलंय.