अंगावर पिणाऱ्या बाळासाठी बाटली घेताना निपलची धार बघा

मॅटर्निटी लिव्ह अर्ध्यावर आली की प्रश्न सुरू होतो, बाटली कोणती घेऊ. सध्या माझ्या नणंदेचं तेच चाललंय, तिची मुलगी पूर्ण अंगावर पिते आणि अजून दोन-अडीच महिन्यांनी हिला ऑफिसला जायचंय, तर तिने मला बाटल्यांचे ढीगभर स्क्रीनशॉट पाठवले, आणि जवळजवळ प्रत्येकावर लिहिलंय की निपल अगदी आईच्या अंगासारखं. फोनवर तिला सांगता सांगता वाटलं की हे सगळं एकदा लिहूनच काढावं.

कुठल्या कंपनीचं नाव मी घेणार नाहीये. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, बाळांचं पावडरचं दूध आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात करायलाच त्यात बंदी आहे, २००३ मध्ये तो अजून कडक केला, आणि मला तो मनापासून पटतो. बाटली ही गरज पडली तर वापरायची वस्तू आहे, ती कोणी गोड बाळाचा फोटो लावून आपल्या गळ्यात मारू नये. त्याच कायद्यामुळे बाटलीवर आयएसआयचा शिक्का असावा लागतो, तो नसेल तर कितीही छान दिसली तरी घेऊ नका.

आता मुद्दा. आपण सगळ्याजणी निपलचा आकार बघत बसतो, आणि खरा फरक पडतो तो धारेने. बाळ अंगावर पितं तेव्हा आधी थोडा वेळ नुसतं भरभर चोखतं, मग पान्हा फुटतो, दूध जोरात येतं, मग कमी होतं, बाळ थांबतं, श्वास घेतं, परत ओढतं. मेहनत त्याची असते आणि वेगही तोच ठरवतं. बाटलीत तसं नसतं, निपलचं भोक मोठं असेल तर दूध येतच राहतं, बाळाला गिळावंच लागतं, नाहीतर ठसका लागतो. म्हणून लोकांना वाटतं बाळाने पाच मिनिटांत बाटली संपवली म्हणजे किती भूक लागली होती बिचाऱ्याला, आणि आईचं दूध पुरतच नव्हतं. असं नसतं हो. पाच मिनिटांत संपली म्हणजे धार फास्ट आहे. अंगावर लागतो साधारण तेवढाच वेळ बाटलीला लागला पाहिजे, पंधरा-वीस मिनिटं धरा.

निपलवर जे स्लो, मीडियम, ० प्लस, ३ प्लस लिहिलेलं असतं त्याला सगळ्या कंपन्यांचं मिळून एक असं माप नाहीये, एकीचं स्लो दुसरीच्या मीडियमपेक्षा फास्ट निघू शकतं. त्यामुळे सगळ्यात स्लो मिळेल ते घ्या आणि मग बाळाकडे बघा. घटाघट गिळतंय, ओठांच्या कडेने दूध ओघळतंय, कपाळावर आठ्या, हाताची बोटं ताणून फाकवलीयेत, पाठ मागे ताणतंय, ही सगळी धार जास्त असल्याची लक्षणं. उलट निपल आत चपटं होतंय, अर्धा पाऊण तास झाला तरी संपत नाही आणि बाळ चिडतंय किंवा थकून झोपतंय, तर धार फारच कमी आहे. आणि तीन महिने झाले म्हणून निपल बदला, सहा झाले म्हणून अजून बदला, हे अंगावरच्या बाळाला लागू नाही. आईचा पान्हा काही दर तीन महिन्यांनी फास्ट होत नाही. बाळ खूश असेल तर शेवटपर्यंत तेच स्लो निपल चालतं.

हे मी इतकं का धरून बसलेय ते सांगते. एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत अंगावरचं बाळ दिवसाला सरासरी साधारण ७५० मिली दूध पितं, बाळागणिक फरक खूप असतो, पण वजन वाढलं म्हणून हा आकडा फार वाढत जात नाही. आठ-दहा वेळा पीत असेल तर एका वेळेला ७५ ते १०० मिली. म्हणजे छोटी १२० किंवा १५० मिलीची बाटली भरपूर झाली, २५० ची मोठी बाटली घ्यायचं कारणच नाही. मोठी बाटली आली की ती भरावीशी वाटते, फास्ट निपल असेल तर बाळ ती संपवतंही, मग सकाळी आईने पंप करून ठेवलेलं दूध दुपारी दोनलाच संपतं, घरचे म्हणतात कमी पडतंय, आई ऑफिसच्या बाथरूममध्ये रडते, आणि त्या आठवड्यात पावडरचा डबा घरात येतो. डबा आला की पंपिंग कमी, पंपिंग कमी की दूध कमी. ज्या बाईला भरपूर दूध होतं तिचं असं सुटलेलं मी जवळून पाहिलंय आणि सुरुवात साध्या एका निपलच्या भोकापासून झाली होती.

पाजणाऱ्याचा हात निपलइतकाच महत्त्वाचा आहे. आपल्याकडे बाळाला मांडीवर आडवं घेऊन बाटली वरून उभी धरतात, त्यात स्लो निपलसुद्धा फास्ट होतं. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, मानेला आधार, बाटली आडवी, निपलमध्ये दूध अर्धवट असलं तरी चालतं. निपल तोंडात कोंबायचं नाही, वरच्या ओठाला लावायचं, बाळाने मोठा आ केला की त्यालाच आत घेऊ द्यायचं. चार-सहा घोट झाले की बाटली खाली कलती करायची, त्याला श्वास घेऊ द्यायचा, मागितलं की परत. मध्ये कूस बदलायची, जशी अंगावर बदलतो. थोडी हवा गेली तर ढेकर काढायचा, एवढंच. आणि तोंड फिरवलं की संपलं, बाटलीत वीस मिली उरलं तरी ते जबरदस्तीने घालायचं नाही. आजी आणि मावशी यांना हे शेवटचं पटवणं सगळ्यात अवघड जातं कारण आईने एवढं मेहनतीने काढलेलं दूध फेकायचं कसं, त्यांचंही बरोबरच आहे, म्हणून मुळात बाटलीत भरायचंच कमी, ५०-६० मिली, लागलं तर अजून.

आकाराचं आता सांगते. बाळ अंगावर पिताना नुसतं बोंड तोंडात घेत नाही, भोवतीचा काळा भागही बराचसा आत घेतं, तोंड मोठं उघडं असतं, ओठ बाहेर वळलेले असतात. बाटलीवरही तसंच तोंड उघडलं जावं हे बघायचं. जाहिरातीत दिसतं ते रुंद घुमट आणि त्यावर एकदम छोटंसं टोक, त्यात बरीच बाळं नुसतं टोक चोखतात, ओठ घुमटावर टेकतच नाहीत, टक टक आवाज येतो आणि हवा जाते. टोकापासून बुडापर्यंत हळूहळू रुंद होत जाणारं निपल त्यापेक्षा चांगलं. दिसायला ते अजिबात अंगासारखं दिसत नाही, पण बाळ डोळ्यांनी थोडंच पितं.

मटेरियलचं फार लांबवत नाही. निपल सिलिकॉनचं घ्या, पिवळं रबरी असतं ते मऊ असतं पण लवकर खराब होतं. कुठलंही असो, चिकट झालं, फुगलं, चीर दिसली की लगेच बदला. बाटली मला काचेची बरी वाटते, स्टीलचीही छान पण किती प्यायलं ते बाहेरून दिसत नाही. प्लॅस्टिकची घेतलीत तर त्यात उकळतं पाणी किंवा कडक गरम दूध ओतू नका, २०२० मध्ये आयर्लंडच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी दाखवलं होतं की पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकच्या बाटल्यांमधून मायक्रोप्लॅस्टिक, म्हणजे प्लॅस्टिकचे अगदी बारीक कण, सुटतात आणि पाणी जितकं गरम तितकं जास्त. अंगावरचं दूध तसंही कडक गरम करायचं नसतं, वाटी कोमट पाण्यात ठेवली की झालं, मायक्रोवेव्ह नाही. गॅस होऊ नये म्हणून आतमध्ये नळ्या आणि व्हॉल्व्ह असलेल्या बाटल्या मिळतात, त्या घेण्याआधी एकच विचार करा, ते सगळे भाग रोज प्रत्येक वेळी ब्रशने घासून कोण उकळणार आहे. घासले गेले नाहीत तर गॅस परवडला पण जुलाब नको.

बाळ बाटली घेतच नाही ही तक्रार पण खूप असते. पहिले तीन-चार आठवडे बाटली देऊच नका, आधी अंगावरचं नीट बसू दे, पण जॉइन व्हायच्या आदल्या आठवड्यापर्यंत थांबूही नका. पहिल्यांदा आईने नाही, दुसऱ्या कोणीतरी द्यायची, आई खोलीत नकोच, तिचा वास आला की बाळ बाटली कशाला घेईल. फार भुकेलेलं असताना नाही, थोडी भूक असताना. निपल कोमट पाण्यात बुडवून. आणि दुधाचाही वास घेऊन बघा, काहीजणींचं दूध साठवल्यावर साबणासारखं लागतं, ते खराब नसतं पण काही बाळं नाकारतात, आणि आपण उगाच निपलवर निपल आणत बसतो. साठवायचं म्हणजे २५ डिग्रीच्या आतबाहेर चार तास बाहेर चालतं, आपल्या एप्रिल-मेमध्ये मात्र सरळ फ्रिज, तिथे चार दिवस.

बाटली लागतेच असंही नाही. बोंडल्याने (ती चोच असलेली छोटी वाटी) किंवा वाटी-चमच्याने अंगावरचं दूध छान पाजता येतं, धुवायला सोपं, आणि निपलची सवय लागायचा प्रश्नच नाही. मोठ्या हॉस्पिटलांच्या एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूमध्ये, अगदी दीड-दोन किलोच्या बाळांनाही वाटी-चमच्याने किंवा बोंडल्यासारख्या भांड्याने दूध पाजतात, मग आपलं पाच महिन्यांचं टुणटुणीत बाळ का नाही पिणार. फक्त ओठाशी टेकवून हळू कलतं करायचं, ते जिभेने ओढून घेतं, घशात ओतायचं नाही. तुम्ही जॉइन होणार तेव्हा बाळ साडेपाच-सहाचं असेल तर मी बाटली आणूच नका म्हणेन, पुढे महिनाभरात ते छोट्या कपाने प्यायला लागतं.

नणंदेची मुलगी तेव्हा जेमतेम पाच महिन्यांची असेल आणि सांभाळणाऱ्या मावशींना बोंडल्याची भीती वाटते, म्हणून तिला सांगितलं दोनच छोट्या काचेच्या बाटल्या घे, सगळ्यात स्लो निपल, आणि मावशींना तुझ्या समोर आठवडाभर पाजू दे. आणि ऑफिसमध्ये आधीच लेखी विचारून ठेव, बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसात दोन नर्सिंग ब्रेक कायद्याने मिळतात, ५० किंवा जास्त लोक कामाला असतील तर पाळणाघराची सोय आणि तिथे दिवसातून चार वेळा जायची मुभा पण आहे. पाळणाघर असेल तर मग बाटली कपाटातच राहू दे, जिना उतरून जा आणि अंगावर पाज.