उझबेक की ताजिक?

ताश्कंदहून अफ्रोसियोब या वेगवान रेल्वेगाडीने समरकंदला दोन-सव्वादोन तासांत पोचलो. गाडी छान, वेळेवर. रेगिस्तान चौकातले तीन मदरसे डोळे भरून पाहिले, पण त्यांचे फोटो सगळ्यांनीच पाहिलेत. मला लिहायचंय ते सियोब बाजारातल्या एका नानवालीबद्दल.

बिबी खानम मशिदीला लागूनच हा बाजार. नान चांगला जाडजूड, काठ फुगलेला, मध्ये ठशाची नक्षी, वर तीळ. बाई शेजारणीशी ताजिकमध्ये गप्पा मारत होत्या, गिऱ्हाइकाशी उझबेकमध्ये भाव करत होत्या आणि आमच्या गाइडशी रशियनमध्ये बोलत होत्या. आमच्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांनी गाइडकरवी विचारलं, "तुम्ही उझबेक की ताजिक?"

"समरकंदलिक," त्या म्हणाल्या. हे 'लिक' म्हणजे आपलं 'कर'.

"ते कळलं हो, पण मूळच्या कोण?"

मागून शेजारीण ताजिकमध्ये फणकारली, "समरकंदी!" नानवाल्या ओपांनी (ओपा म्हणजे ताई) नान कागदात गुंडाळला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

मला फार राग आला. १९२४ साली सोव्हिएत सरकारने इथे वांशिक नावांनी प्रजासत्ताकं आखली. समरकंद आणि बुखारा ही ताजिक बोलणारी शहरं उझबेकिस्तानात गेली आणि घरात ताजिक बोलणाऱ्या कितीतरी लोकांची कागदावर 'उझबेक' अशी नोंद झाली. अशा घरातल्या बाईला भर बाजारात उलटतपासणीला उभं करायचं? त्यांनी शहराचं नाव सांगितलं, ते पूर्ण उत्तर होतं. आणि जुन्या प्रवासवर्णनांत इथल्या शहरी लोकांना 'सार्त' म्हटलेलं सापडतं, तो शब्द तर चुकूनही वापरू नका. लोकांना तो लागतो.

पुढे बुखारा. लब-ए-हौज या जुन्या तलावाच्या काठी तुतीच्या सावलीत बसून चहा प्यालो. जवळच जुनी ज्यू वस्ती आहे. तिथली बहुतेक घरं इस्रायलला नाहीतर न्यूयॉर्कच्या क्वीन्सला गेली. ते आजही स्वतःला बुखारी ज्यू म्हणवतात, अगदी ज्यांचे आजोबा समरकंद-ताश्कंदचे तेसुद्धा. पैगंबरांची वचनं संकलित करणाऱ्या इमाम बुखारींचंही तसंच. ८७० साली ते समरकंदजवळ वारले, कबर तिथेच आहे, पण नाव जन्मगावाचंच राहिलं. ते आडनाव तर आपल्याकडेही भेटतं.

संध्याकाळी गेस्टहाउसच्या आजोबांनी पुलाव वाढला आणि आमच्या गृहस्थांनी पुन्हा सुरुवात केली, "आप उझबेक या..." या वेळी मी गाइडला भाषांतर करू दिलं नाही.