पोट्टा हसला का पडते

नागपूरच्या धंतोलीतल्या एका क्लिनिकमध्ये मी स्लीप टेक्निशियन आहे. आमच्याकडे येतात ते बहुतेक घोरणारेच. त्यामुळे ऐन मे महिन्यात इतवारीच्या कापड दुकानात काम करणारा एक विशीतला मुलगा मामासोबत आला, तेव्हा फाइल मी जरा जास्तच लक्ष देऊन वाचली.

"काय सांगू मॅडम, पोट्टा हसला का पडते," मामा म्हणाले. गिऱ्हाइकासमोर थान उलगडता उलगडता झोपतो म्हणून दुकानात आळशी ठरलेला; पडतो म्हणून मिरगीच्या गोळ्याही बरीच वर्षं खाल्लेल्या. त्या आमच्या डॉक्टरांनी आधीच हळूहळू बंद केल्या होत्या.

रात्रभराची तपासणी झाली की दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी एक, अशा पाच डुलक्या घ्यायला लावतो. खोलीत अंधार करायचा आणि किती मिनिटांत झोप लागते ते बघायचं. सरासरी आठ मिनिटांच्या आत आली तर शंका घ्यायची. हा तीन-चार मिनिटांतच गार. त्याहून नवल म्हणजे लगेच डोळ्यांच्या भराभर हालचाली, म्हणजे स्वप्नांची झोप. ती तुम्हाआम्हाला साधारण दीड तासाने येते.

मधल्या वेळात त्याला जागं ठेवायचं काम मामांकडे. चौथ्या डुलकीसाठी मी वायर्स जोडल्या आणि मामांनी गावच्या लग्नातला कुठला तरी किस्सा काढला. मुलगा हसला. आधी जबडा लोंबला, मग मान, मग सगळा देह पलंगावर कलंडला. मी स्क्रीनकडे बघितलं. मेंदूच्या लहरी जागेपणाच्या, हनुवटीच्या स्नायूची रेघ मात्र सपाट. पुस्तकात वाचलेलं असं डोळ्यांसमोर क्वचितच घडतं. बाजूच्या ओपीडीतून डॉक्टर धावत आले, गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हललाच नाही. मिनिटभरात तो उठून बसला, पुन्हा हातोडी मारली तर पाय झटक्यात वर.

"मामा, तुम्ही 'पाणी आणा' म्हणून ओरडत होते नं," तो म्हणाला. सगळं ऐकू येत होतं त्याला.

हा नार्कोलेप्सी नावाचा आजार. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये ओरेक्सिन तयार करणाऱ्या मोजक्या पेशी असतात. जागेपणा टिकवून धरायचं काम या रसायनाचं. 1998 साली दोन वेगवेगळ्या गटांनी ते शोधलं. या आजारात त्या पेशी जवळपास सगळ्या नष्ट होतात. शरीराची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटत असावी, असं मानतात. मग झोप आणि जाग यांच्यातलं कुंपण तुटतं. स्वप्नात हातपाय मारू नयेत म्हणून मेंदू स्नायू सैल सोडतो, ते भर दिवसा, हसता हसता घडतं. दुकानात त्याला चहावर चहा पाजायचे. चहा ॲडेनोसिन या थकव्याच्या रसायनाला अडवतो. ओरेक्सिनची जागा तो कसा भरून काढणार?

"म्हणजे आता यानं हसाचंच नाही का?" मामांनी विचारलं.

"हसू द्या हो," डॉक्टर म्हणाले. पूर्ण बरं करणारं औषध नाही, पण झोप आणि पडणं दोन्ही आवरणाऱ्या गोळ्या आहेत. त्यांनी दुकानमालकाच्या नावे चिठ्ठी लिहिली: दुपारी वीस मिनिटं झोपू द्यावं. गाडी मात्र आजार आवाक्यात येईपर्यंत बंद. मामांनी तिथेच हात पुढे केला आणि मुलानं कुरकुरत खिशातली बाइकची किल्ली काढून दिली. चौथी-पाचवी डुलकी अजून बाकीच होती. मी दोघांना गप्प बसवून दिवा घालवला.