मला उठवलं नाही

मला उठवलं नाही. तक्रार म्हणून कुणाला सांगायला जावं तर एवढ्यात संपते. तोरणमाळहून येऊन कपडे धुऊन वाळले, डबे घासून फळीवर गेले, गोधड्यांना धुराचा वास तेवढा राहिलाय. आणि हे. डाळ निवडताना, दळण टाकताना मध्येच येतं, बोचतं, जातं. या वयात असं रुसून बसणं शोभत नाही म्हणून कुणाजवळ बोलले नाही. वहीला काय, तिला सगळंच शोभतं.

तंबूत राहायचं खूळ पप्याचं. वर यशवंत तलावापाशी गर्दी असते, तिथे नको, खाली नाल्याकाठी राहू म्हणाला. मी आधी नाहीच म्हणत होते. मग चिऊ म्हणाली, आजी नसेल तर मी पण नाही. आता तिनेच तसं म्हटल्यावर काय.

नंदुरबार ओलांडताना पथाऱ्यांवर मिरची लालभडक पसरलेली होती, काचा बंद असूनही गाडीत सगळे खोकले. प्रकाशाला तापीच्या पुलावर हात जोडले. शहादा, म्हसावद, राणीपूर, आणि तिथून पुढे रस्ता डोंगरात शिरला. सातपायरीचा घाट मी पहिल्यांदा बघितला तेव्हा एसटीच्या खिडकीला डोकं लावून बसले होते आणि हे शेजारी... असो.

जागा साधी म्हणजे अगदीच साधी. नाल्याच्या कडेला साफ केलेली जमीन, त्यावर तंबू, एक कुडाची झोपडी, आंघोळीला बांबूच्या तट्ट्याचा आडोसा. लाइट नाही. मोबाइलला रेंज नाही. राजूचा चेहरा रेंज गेल्यावर जो काही झाला, त्यासाठी तरी मी पुन्हा जाईन. भोवती साग, सालई, मोह. सागाची पानं डिसेंबरात तपकिरी व्हायला लागलेली असतात, वाळकं पान तंबूवर पडलं की टप्पकन आवाज होतो आणि कुणीतरी दाराशी आल्यासारखं वाटतं. मंदा दर वेळी "कोण शे?" म्हणून विचारायची.

प्यायच्या पाण्याचं तिथल्या बाईने केलं ते मी बराच वेळ बघत बसले होते. नाला वाहत होता, पण ती वाहतं पाणी घेत नव्हती. काठापासून दोन हात आत, वाळूत, वाटीने खड्डा केला. कोपरभर. तळाशी गढूळ पाणी जमलं, ते वाटीने काढून फेकलं. पुन्हा जमलं, पुन्हा फेकलं. असं करता करता पाण्याचा रंग उतरत गेला, शेवटी तळातले वाळूचे कण मोजता येतील इतकं नितळ आलं. मग हंड्याच्या तोंडाला लुगड्याचं फडकं लावून वाटी वाटी भरलं. घाई नाही. झिरा भरायची तिला वाट बघता येत होती. मी लहानपणी मामाच्या गावाला हे केलेलं आहे, तिच्याकडून वाटी मागून घेतली तर हसली आणि दिली. पाणी थंडगार, दाताला लागलं.

बरं, मुद्दा रात्रीचा.

जेवण झालं. ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, त्यात धडगावकडचं आमचूर, ठेचा. शेकोटीभोवती बसलो. वर आभाळ असं काही होतं की आमच्या गच्चीवर त्याचा दहावा हिस्सासुद्धा दिसत नाही. पूर्वेला मृग उगवून वर आलेला. मी चिऊला मृगाचे चार पाय दाखवले, पोटातला बाण दाखवला, त्या बाणाच्या रेषेत खाली व्याध. राजूला हे सगळं मीच दाखवलंय, ताईला मीच, पप्याला तर उन्हाळ्याच्या सुट्टीत अंगणात बाजेवर झोपवून. या घरात आभाळ म्हणजे माझं खातं. किराणा सोनलकडे, बँक राजूकडे, आभाळ माझ्याकडे.

तर पप्या म्हणाला, मावशी, आज उल्का पडणार. मिथुन राशीतून निघाल्यासारख्या दिसतात, डिसेंबरच्या मध्याला दर वर्षी. मिथुन आत्ता खाली आहे, दोनच्या सुमारास डोक्यावर येईल, तेव्हा जास्त दिसतील. मी म्हटलं, मला हाक मार रे. तो म्हणाला, हो मावशी.

एवढं बोलणं झालं होतं. मी स्पष्ट सांगितलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

आणि सकाळी चहाच्या वेळी मंदा सांगते, अकरापर्यंत मोजल्या, मग मोजणं सोडलं. एक तर पिवळीजर्द, या झाडापासून त्या डोंगरापर्यंत. सगळे नाल्याच्या वरच्या अंगाला त्या मोठ्या खडकावर जाऊन झोपले होते म्हणे, घोंगड्या पांघरून. सगळे. राजू, सोनल, पप्या, चिऊ आणि मंदासुद्धा. मंदाचे गुडघे माझ्याहून वाईट आहेत. मंदा जिना एक पायरी, दुसरी पायरी करत चढते. आणि मंदा त्या खडकावर.

मी चहा प्यायले. छान, म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

पण मग एकेकाला गाठून विचारलं. सहज विचारल्यासारखं, पण विचारलं. पप्या म्हणाला, मला वाटलं राजूदादा उठवेल. राजू म्हणाला, अगं थंडी किती होती, तुला बाधली असती. (डाब-तोरणमाळला गवतावरचं दव गोठल्याचं पेपरात येतं, ते खरंय. पण मग मंदा काय लोखंडाची आहे?) सोनल म्हणाली, आई, मला वाटलं ह्यांनी विचारलं असेल तुम्हाला. आणि मंदा म्हणाली, "अव माय, मी त पानी पेवाले उठनू, तवय ह्या निंघेल व्हतात. तू गाढ झोपेल व्हती, म्हनीसन उठाडं नही."

म्हणजे हिला उठवू नका, असं कुणीच ठरवलेलं नव्हतं. ठरवलं असतं तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. इथे प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याने बघितलं असेल. लग्नात ओटीचं ताट असंच मागे राहतं.

परतीच्या वाटेवर गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले होते. काय काय मनात येत होतं ते लिहीत नाही, काही गोष्टी लिहिल्या की खऱ्या होतात. एवढंच लिहिते, की आपण हळूहळू सामानात जमा होतोय असं वाटलं. जपून ठेवायचं, थंडी लागू द्यायची नाही, निघताना आठवणीने गाडीत घालायचं. पप्या बिचारा भरपाई करायला म्हणून पुढच्या सीटवरून मागे वळून सगळं समजावून सांगत होता. फेथॉन नावाचा लघुग्रह आहे, १९८३ मध्ये सापडला, त्याने मागे टाकलेल्या कचऱ्यातून पृथ्वी दर डिसेंबरात जाते, ते कण हवेत शिरून जळतात, सेकंदाला पस्तीस किलोमीटर वेग. बाकीच्या उल्कावर्षावांचा कचरा बहुतेक धूमकेतूंचा असतो, हा लघुग्रहाचा, म्हणून वेगळा. मी हूं हूं करत होते. खरं तर ऐकायला मजा येत होती आणि मजा येतेय याचाच राग येत होता.

मला उठवायचं हे या घराला माहीत नाही असं थोडंच आहे! आयुष्यभर मला उठवण्याखेरीज दुसरं काय केलं यांनी? शेतीची लाइट रात्रीची असायची. केळीला पाणी सोडायचं तर रात्री बारा, एक, दोन, लाइट येईल तेव्हा. हे उठायचे आणि मला उठवायचे. "ऊठ, लाइट आली." मी बॅटरी धरून पुढे, हे फावडं घेऊन मागे. बांधावरून चालताना नजर पायाशी, सापकिरडाची भीती. हे पाटाची दारं मोडायला लागले की मी बॅटरी विझवायची, सेल वाचवायला, आणि वर बघत उभी राहायची. मला आभाळ कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. बापाने नावं सांगितली होती, बाकीचं लाइटीने शिकवलं. तिथेही उल्का दिसायच्या. मोजत कोण बसतंय, चिखलात उभं राहून.

मग पोरांची दुखणी, रात्रीच्या गाडीने येणारे पाहुणे, ह्यांची शेवटची ती औषधं चार-चार तासांनी. आणि नळाचं पाणी. आमच्याकडे नळ कधी येईल याचा नेम नाही, रात्री अडीचला सूं सूं हवा सोडायला लागतो. घरात सगळ्यांना कान आहेत, ऐकू मला येतं. मी उठते, मोटर लावते, टाकी भरेपर्यंत पायरीवर बसते. असं कितीदा मनाशी म्हटलंय की देवा, एक रात्र अशी दे की मला कुणी उठवणार नाही.

मग दिली ना त्याने. नेमकी हीच.

हे लक्षात आलं तेव्हा गाडी शहाद्याच्या पुढे आली होती आणि मला एकदम हसू फुटलं. सोनलने वळून बघितलं. काही नाही गं, म्हटलं.

आणि झोप काय लागली होती! पाठीखाली पातळ गादी, गादीखाली एक खडा डाव्या बरगडीला टोचत होता, तो काढायचा म्हणता म्हणताच डोळा लागला. नाल्याचं पाणी दगडांवरून जात होतं, सारखं, एका सुरात. नळासारखं येत-जात नव्हतं, त्यामुळे उठून काही बंद करायचं नव्हतं की भरायचं नव्हतं. इतकी झोपले की कूस बदलल्याचं आठवत नाही. सकाळी उठले तेव्हा मला कळेना मी कुठे आहे, आणि कळेना याची भीतीही वाटली नाही. डॉक्टरांच्या गोळीने जे झालं नव्हतं ते.

पण तरी.

खरी गोष्ट चिऊने सांगितली, काल, वेणी घालून घेताना. मोठी माणसं सांगत नाहीत ते. म्हणाली, आजी, आम्ही आलो होतो तुझ्या तंबूत. सगळे. पप्पांनी मोबाइलची लाइट लावली. तू घोरत होतीस. मी विचारलं, मग? मग काही नाही, आम्ही बघत उभे राहिलो. पप्याकाका हसायला लागला तर मम्मीने त्याला चिमटा काढला. पप्पांनी तुझ्या पायावर गोधडी टाकली, लाइट बंद केली. मग आम्ही गेलो.

किती घोरत होते, मी विचारलं.

खूप, ती म्हणाली. नाला ऐकू येत नव्हता.

आता याच्यावर काय रागावणार? पण यानेही आतलं पूर्ण मिटलं नाही, उलट दुसरीच एक खाज सुरू झाली. पाच माणसं तंबूच्या तोंडाशी उभी राहून मला झोपलेली बघत होती. तोंड उघडं असणार. दातांची कवळी डबीत. केस सुटलेले. मला आजवर असं नुसतं उभं राहून कुणी बघितलं नसेल. ह्यांनीसुद्धा नाही, कारण मी त्यांच्या आधी उठायची. राजू बघून काय म्हणाला असेल मनात, कोण जाणे. गोधडी टाकली म्हणे. त्याच्या लहानपणी तो पांघरूण लाथाडायचा, तेव्हा रात्रीतून... जाऊ दे.

म्हणजे ते आले होते. कुणी ठरवलं नव्हतं हे खरं, पण विसरलेही नव्हते. या दोन्हीतलं कुठलं बरं, याचा हिशोब अजून लागत नाहीये. विसरले असते तर रुसता आलं असतं. आता फार तर मंदावर रुसता येईल, की ती पाणी प्यायला उठली आणि नेमकी त्यांच्यात जाऊन मिळाली. पण मंदावर रुसण्यात अर्थ नाही, तिला कळतच नाही कोण रुसलंय ते. काल फोनवर म्हणाली, पुढच्या डिसेंबरात परत जाऊ, तेव्हा मी तुले लाथ मारीसन उठाडसू. म्हटलं, मार.

आज रात्री नळाचा नंबर आहे आमच्या गल्लीचा. जेवताना सोनलला म्हटलं, आज मला उठायचं नाही बाई, तू बघ पाण्याचं, मला उठवू नकोस. मला वाटलं थोडं आढेवेढे घेईल. "बरं आई," म्हणाली आणि भाकरी उलटली. इतक्या पटकन बरं म्हणाली!

मोटरची पिन ढिली आहे, तिरपी धरल्याशिवाय लागत नाही, हे तिला सांगायचं राहिलं. टाकीचा वॉलही घट्ट झालाय. आणि नळाला ऐकू येण्यासारखे कान तिला आहेत की नाहीत, ते आज कळेलच, मी जागीच असेन तर.